बोडा, सालवृक्ष आणि जमिनीखालची देवघेव

मृगाच्या सरी कोसळून गेल्या, मध्ये चार दिवस उकाड्याचे गेले आणि आभाळात पुन्हा गडगडाट झाला, म्हणजे बस्तरच्या सालवनांत बायकामुले काठ्या घेऊन माती उकरीत हिंडू लागतात. त्यांना हवा असतो बोडा. गोटीएवढा, मातीने माखलेला, बाहेरून टणक आणि आतून पांढराशुभ्र असा हा गोळा जगदलपूरच्या बाजारात हंगामाच्या आरंभी मटणालाही महागाईत मागे टाकतो. झारखंडात यालाच रुगडा किंवा पुटू म्हणतात आणि श्रावणात सामिष वर्ज्य करणारी मंडळी त्याच्या रश्श्यावर मटणाची हौस भागवून घेतात. रायपूर, बिलासपूरकडील आपल्या मराठी घरांना तो ठाऊक आहेच. वीज कडाडली की जमीन फुटते आणि बोडा वर येतो, अशी तिकडची लोकसमजूत.

बोडा हे फळ नव्हे की कंद नव्हे. ती एक बुरशी आहे, किंवा शास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर एका कवकाचे फळ. गोमंतकातील वाचकांना येथे पावसाळ्यातील ओळमी आठवतील. परंतु ओळमी आणि बोडा यांचे अन्नदाते निरनिराळे. ओळमी उगवतात वारुळावर. चावलेल्या लाकडाच्या आणि पाचोळ्याच्या लगद्यावर वाळवी त्यांची रीतसर शेती करते, म्हणून जेथे वाळवीचे घर तेथे ओळमी. भाताच्या पेंढ्यावर घरोघर वाढविता येणारी ढिंगरी मेलेल्या काडीकचऱ्यावर जगते. बोड्याला यांपैकी काहीच चालत नाही. त्याला लागते जिवंत सालवृक्षाचे जिवंत मूळ. म्हणूनच इतका भाव मिळत असूनही बोड्याची बाजारापुरती शेती कोणास साधलेली नाही, आणि जेथील साल तुटला तेथील बोडाही संपला, हा बस्तरच्या माणसाचा जुना अनुभव आहे.

झाड आणि बुरशी यांच्यात असे कोणते नाते आहे, याचा उलगडा प्रथम झाला तो जर्मनीत, आणि तोही खाण्याच्याच निमित्ताने. ट्रफल नावाची जमिनीखाली वाढणारी, अतिशय महाग अशी एक बुरशी युरोपात खवय्यांच्या आवडीची आहे. तिची लागवड आपल्या देशात करता येईल काय, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविले. लागवड काही त्यांना साधली नाही. पण ओक, बीच आदी वृक्षांची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, कोवळ्या मुळांची टोके उघडी नाहीतच. त्यांवर बुरशीच्या तंतूंचे घट्ट आवरण चढलेले आहे, आणि तरीही झाड रोगट नाही. उलट चांगले टवटवीत आहे. १८८५ साली फ्रांक यांनी या जोडीला नाव दिले, त्याचा मराठी अर्थ कवकमूल. ही बुरशी झाडाला दाईप्रमाणे दूध पाजते, असे त्यांचे मत होते. त्या काळी ते फारसे कोणास पटले नाही. बुरशी म्हणजे रोग, हे समीकरण पक्के होते आणि अजूनही आपल्या स्वयंपाकघरात ते तसेच आहे.

झाडाला मुळे असताना या मध्यस्थाची गरजच काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. त्याचे उत्तर मातीत आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी शेतकऱ्याच्या तोंडी असते. यांपैकी नत्राचा बराच भाग पाण्यात विरघळून मुळाच्या दारापर्यंत वाहत येतो. स्फुरदाचे तसे नाही. गोव्यातील, बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या जांभ्या मातीत तो लोहाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. माळव्याच्या काळ्या जमिनीत चुना त्याला धरून ठेवतो. जमिनीत स्फुरद भरपूर आणि झाड मात्र उपाशी, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. मुळाने आपल्या अंगालगतचा एक-दोन मिलिमीटर टापूतील स्फुरद उचलला की त्याभोवती दुष्काळी पट्टा तयार होतो आणि पलीकडचा माल आपण होऊन चालत येत नाही. कवकाचा तंतू तो पट्टा ओलांडून जातो. त्याची जाडी मिलिमीटरचे काही सहस्रांश एवढीच, त्यामुळे जेथे मुळाचा शिरकाव नाही अशा मातीच्या फटींत तो सहज शिरतो. बरे, मूळ लांबविण्यास झाडाला जेवढा खर्च येतो, त्याच्या अल्पांशात तेवढ्याच लांबीचा तंतू तयार होतो. चिमूटभर वनमातीत या तंतूंची लांबी कित्येक मीटर भरते. मिळालेल्या स्फुरदाच्या लांब साखळ्या करून, त्या सूक्ष्म पिशव्यांत भरून, तंतूच्या आतल्या आत कवक तो मुळाकडे पाठविते.

या जोड्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांतील भेद समजून घेण्याजोगा आहे. सालवृक्षाच्या मुळावर कवक हातमोज्यासारखे चढते. त्याचे तंतू मुळाच्या बाहेरील पेशींच्या मधल्या फटींत जाळे विणतात, पण पेशीच्या आत पाऊल टाकीत नाहीत. या जातीच्या कवकांपैकी पुष्कळांना पाचोळा आणि कुजकी माती आम्ले व पाचक रस सोडून फोडता येते, आणि त्यात अडकलेला नत्र बाहेर काढता येतो. चीड, देवदार यांची मुळे पाहिली तर दोहोंतही हाच प्रकार आढळेल. दुसरा प्रकार आपल्या अधिक परिचयाच्या झाडांचा आहे. साग, आंबा, फणस, मोह, बांबू, इतकेच काय पण ज्वारी आणि गहू यांच्या मुळांत कवक थेट पेशीच्या भिंतीतून आत शिरते आणि तेथे इवल्याशा झाडासारख्या फांद्या फोडते. या फांद्यांचे आयुष्य थोड्याच दिवसांचे. त्या विरून जातात, नव्या येतात. जगातील वनस्पतींच्या दर दहा जातींपैकी सुमारे सात जाती या दुसऱ्या प्रकारात मोडतात. सालासारखा पहिला प्रकार शंभरांत जेमतेम दोन जातींचा, पण त्या जातींनी उत्तर गोलार्धातील आणि मध्य भारतातील अरण्येच्या अरण्ये व्यापली आहेत.

ही व्यवस्था किती जुनी आहे? स्कॉटलंडमधील राइनी या गावाजवळच्या दगडांत सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशीन् पेशी शाबूत राहून दगड बनल्या आहेत. त्यांतील एकीच्या पेशींत त्या झाडासारख्या फांद्या १९९४ साली ओळखण्यात आल्या. गंमत अशी की, त्या वनस्पतीला खरी मुळे नाहीतच. जमिनीवर प्रथम पाऊल टाकणाऱ्या वनस्पतींना मुळे फुटण्याच्या आधी कवकाची सोबत मिळाली होती, असे म्हणावयास त्यामुळे हरकत नाही.

आता मोबदल्याचा विचार करू. गावगाड्यात सुतार-लोहार कुणब्याचे काम करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन आपले बलुते घेत. कवकाचे बलुते म्हणजे साखर. पानांत उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते आणि तिचा वाटा कवकाला मिळतो. झाडाच्या एकूण कमाईचा दहावा ते पाचवा हिस्सा असा सर्वसाधारण अंदाज केला जातो. सागाच्या किंवा ज्वारीच्या मुळातील कवकाला तर साखरेबरोबर स्निग्ध पदार्थही द्यावे लागतात, हे २०१७ साली सिद्ध झाले. ते कवक स्वतःची चरबी तयार करूच शकत नाही. साखर आणि तेल दोन्ही यजमानाच्या घरचे!

पण हे सारे जमिनीखाली, डोळ्यांआड. ते खरे कशावरून? स्वीडनमधील उप्सालाच्या एलियास मेलिन यांनी १९५० साली किरणोत्सर्गी स्फुरद वापरून दाखविले की, तो कवकाच्या तंतूंतून चिडाच्या रोपात पोचतो. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूचा पुरावाही स्वीडनमधूनच आला आणि तो आम्हाला अधिक मनोवेधक वाटतो, कारण त्यासाठी प्रयोगशाळा नव्हे, तर एक उभे जंगल वापरले गेले.

देशाच्या उत्तर भागातील एका चिडाच्या वनात पेटर हॉगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या उन्हाळ्यात काही तुकड्यांतील झाडांच्या खोडांभोवतीची सालीची कडी काढून टाकली. झाड पाणी वर चढविते ते आतल्या लाकडातून, म्हणून पाने हिरवी राहिली. साखर खाली उतरते ती सालीतून, म्हणून ती वाट मात्र बंद झाली. सालीची कडी काढलेले झाड हळूहळू मरते हे कोणत्याही रानकऱ्याला ठाऊक आहे. या मंडळींना पाहावयाचे होते ते झाडाखालच्या मातीचे काय होते ते. माती श्वास घेते, म्हणजे तिच्यातील मुळे आणि जीवजंतू कर्बवायू बाहेर टाकतात. तो मोजता येतो. पाच दिवसांच्या आत हा श्वास एकतृतीयांशाहून अधिक मंदावला आणि एक-दोन महिन्यांत निम्म्याहून खाली, सुमारे चोपन्न टक्क्यांनी उतरला. मातीतील पाचोळा तोच, कुजणारे लाकूड तेच. बदलले ते एवढेच की, पानांनी कालपरवा तयार केलेली साखर आज खाली आली नाही. त्या तुकड्यांत कवकमुळांच्या छत्र्याही जवळजवळ उगवल्या नाहीत. शेजारच्या न छेडलेल्या तुकड्यांत त्या मुबलक होत्या. जंगलाची माती साठविलेल्या पुंजीवर जगते असा समज होता. ती निम्म्याने तरी रोजच्या आवकीवर जगते, असे या प्रयोगाने दिसून आले. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. साल तुटला आणि बोडा संपला, या बस्तरच्या अनुभवाचा हाच तर हिशेब आहे.

देवघेव म्हटली की ती सलोख्याचीच असेल असे नाही. बलुत्यावरून गावोगाव भांडणे होत, हे जुन्या दप्तरांत वाचावयास मिळते. ॲमस्टरडॅम येथील टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की, एकाच मुळाला दोन कवके जोडलेली असली तर जे अधिक स्फुरद देते त्याच्याकडे मूळ अधिक साखर वळविते, आणि कवकही अधिक साखर देणाऱ्या मुळाकडे अधिक स्फुरद पाठविते. माल चोख तर दाम चोख. मात्र हा प्रयोग पात्रांतील मुळांवर झालेला. प्रत्यक्ष अरण्यात हिशेब इतका सरळ नाही. स्वीडनच्या उत्तरेकडील वनांत नत्राचा तुटवडा असतो. तेथील कवके हाती आलेला नत्र झाडाला देण्याऐवजी पुष्कळसा स्वतःच्याच अंगात ठेवून घेतात, असे २०१३ साली निदर्शनास आले. झाड अधिक नत्राच्या आशेने अधिक साखर पाठविते, त्या साखरेवर कवक वाढते आणि वाढलेले कवक आणखी नत्र अडवून ठेवते! टंचाईच्या काळात वाण्याने माल दाबून ठेवावा, तसाच हा प्रकार.

हे सांगणे अशासाठी अगत्याचे की, अलीकडे या विषयावर एक निराळीच कथा घरोघर पोचली आहे. अरण्यातील सर्व झाडे कवकतंतूंच्या जाळ्याने जोडलेली असून म्हातारी झाडे आपल्या लेकरांना त्यातून अन्न पाठवितात, मरताना आपली पुंजी शेजाऱ्यांना देऊन जातात, अशी ती कथा. ऐकावयास गोड आहे. मुलांना सांगण्याजोगीही आहे. तिचे मूळ कॅनडातील सुझान सिमार्ड यांच्या १९९७ सालच्या एका प्रयोगात आहे. ब्रिटिश कोलंबियातील रानात त्यांनी भूर्जाच्या आणि डग्लस फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या रोपांना ओळखू येईल असा निरनिराळा कर्ब पाजला. काही दिवसांनी भूर्जाचा कर्ब फरमध्ये आणि फरचा भूर्जात सापडला, आणि वजाबाकी केली असता फरचा लाभ अधिक निघाला. प्रयोग अव्वल दर्जाचा होता याविषयी शंका नाही. परंतु त्याच जागी लावलेल्या सीडरच्या रोपांतही थोडा कर्ब आढळला होता. सीडरची कवके दुसऱ्या प्रकारची, म्हणजे या जाळ्यात ते झाड नव्हेच. तेव्हा काही माल मातीच्या वाटेनेही गेला असणार. पुढे २०१६ साली स्वित्झर्लंडमध्ये चाळीस मीटर उंचीच्या स्प्रूस वृक्षांच्या शेंड्यांना यारीच्या साहाय्याने असाच खुणेचा कर्ब देण्यात आला. तो शेजारच्या बीच, चीड आदी भिन्न जातींच्या झाडांच्या बारीक मुळांत मिळाला. म्हणजे अदलाबदल होते. ती कोणत्या वाटेने, किती, आणि घेणाऱ्याच्या वाढीस तिचा उपयोग होतो की नाही, हे प्रश्न मात्र उरतात.

२०२३ साली तीन संशोधकांनी या विषयावरील सर्व क्षेत्रीय अभ्यास पुन्हा तपासले. त्यांपैकी मेलनी जोन्स या १९९७ च्या मूळ प्रयोगात सिमार्ड यांच्या सहकारी होत्या, ही गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. आपल्याच कामाच्या भोवती वाढलेली प्रभावळ उतरवून ठेवण्यास मनाचा मोठेपणा लागतो. त्यांचा निष्कर्ष असा की, अशी जाळी अरण्यांत सर्वत्र आहेत असे म्हणण्याइतका पुरावा नाही, त्यांतून अन्न जाऊन रोपे पोसली जातात याला दुसरीही स्पष्टीकरणे संभवतात, आणि आईने लेकराला ओळखून झुकते माप दिल्याचा पुरावा रानात तर मुळीच मिळालेला नाही.

यामुळे काही वाचकांचा विरस होईल. आमचा झाला नाही. झाड आणि कवक यांच्यातील देवघेव पुरेपूर सिद्ध आहे आणि तिच्यावरच अरण्य उभे आहे. तिला मातृप्रेमाची जरतारी किनार लावली नाही म्हणून वस्त्र काही उणे होत नाही. उलट गोड कथेचा एक धोका आहे. झाडे एकमेकांना सांभाळून घेतात असे एकदा मनाने घेतले की, आपण त्यांच्या पायाखालची माती उपसली तरी ती आपापसांत निभावून नेतील, अशी समजूत सोयीची वाटू लागते.

ती समजूत किती फोल आहे हे वनखात्यांनी जगभर पदरचे पैसे खर्चून अनुभवले आहे. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर चीड हे झाड मूळचे नाही. तेथे १९३० नंतरच्या दशकांत चिडाची लागवड पुन:पुन्हा करून पाहिली. बी रुजे, रोप बोटभर वाढे, पिवळे पडे आणि मरे. खत घालून पाहिले, जागा बदलून पाहिली. अखेर १९५५ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या चीडवनातील माती आणून ती रोपांच्या मुळाशी घालण्यात आली आणि तेव्हापासून चीड तेथे वाढू लागला. झाड गेले होते, त्याचा बलुतेदार मागेच राहिला होता.

चीड आणि माती यांची ही गोष्ट आपल्या देशातही एकदा निकरावर आली होती, आणि तीही बस्तरमध्येच. १९७० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथील सालाचे मिश्र अरण्य काढून त्याजागी कागदाच्या लगद्यासाठी कॅरिबियन चीड लावण्याची योजना आखली गेली. साल वाढण्यास फार वर्षे घेतो, चीड लवकर तयार होतो, असा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात सालाचे बी, पाने, राळ यांना फारसे स्थान नव्हते आणि बोड्याला तर नव्हतेच. आदिवासींनी कडाडून विरोध केला आणि १९८० च्या सुमारास योजना गुंडाळावी लागली. कवकमुळांचे शास्त्र त्या विरोधामागे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणत्या झाडाखाली काय उगवते, आणि ते झाड गेले की काय जाते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि ते खरे होते.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी, बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांनी या विषयाचा आपल्याकडे पाया घातला. गोवा विद्यापीठातील संशोधकांनी लोहखनिजाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर तग धरणाऱ्या झाडांची मुळे तपासली आहेत. खाणीसाठी उपसलेली वरची माती ढीग करून वर्षानुवर्षे तशीच ठेवली की तिच्यातील कवके उपासमारीने मरत जातात, हे आता सर्वमान्य आहे. तरीही अमुक इतके वृक्ष तोडले आणि त्याबदल्यात अन्यत्र अमुक इतकी रोपे लावली, अशी आकडेमोड वर्तमानपत्रांत छापून येते तेव्हा मातीचा रकाना रिकामाच असतो. सालाच्या बाबतीत तर हे फारच खटकते. सालाचे बी जून महिन्यात पडते आणि सात-आठ दिवसांत रुजले नाही तर निकामी होते. रुजल्यावरही कोंब वर्षानुवर्षे उन्हाळ्यात वाळतो, जमिनीखाली मूळ तेवढे जगते आणि पुढच्या पावसात पुन्हा कोंब फुटतो. हा सारा काळ रोपाचे जीवन मातीत असते. अशा झाडाची गणना रोपवाटिकेतील पिशव्या मोजून व्हावी, हे कसे काय?

जाता जाता परसबागेविषयी दोन शब्द. हल्ली कवकाची भुकटी पुडीतून विकत मिळते आणि ती सर्व झाडांना लागू पडते असे पुडीवर छापलेले असते. कोबी, मुळा, मोहरी, पालक, माठ यांच्या मुळांवर ही कवके सहसा बसत नाहीत. त्या वाफ्यांत पुडी टाकणे म्हणजे पाण्यात पैसे टाकणे. वांगी, मिरची, आंबा, लिंबू यांना उपयोग होऊ शकतो, पण मातीत आधीच ती असली तर फरक दिसेलच असे नाही. आणि सुपर फॉस्फेट सढळ हाताने घातलेले असेल, तर झाड स्वतःच या बलुतेदाराला दाराशी उभे करीत नाही. आयता माल मिळत असता तो साखर कशाला देईल?

बस्तरमध्ये बोडा विकला जातो तो आतून पांढरा असेपर्यंतच. आत काळपटपणा आला की गिऱ्हाईक तो घेत नाही. उकरणाऱ्यांच्या हातून सुटलेले काही गोळे मातीतच राहतात, पिकतात आणि त्यांचे टणक कवच तारकेसारखे सहा-आठ पाकळ्यांनी फाटते. पाऊस आला की पाकळ्या उलगडतात, उघडीप पडली की मिटतात, आणि मधल्या पिशवीतून तपकिरी भुकटी उडत राहते. तोवर जूनमध्ये पडलेल्या सालाच्या बियांना मुळे फुटलेली असतात.